कॉम्बीत घेतला की टोन का मरतो? सिंथमधल्या राउटिंगची ओळख

ऑर्केस्ट्रात नव्याने कीबोर्डवर बसलेली मुलं हमखास विचारतात, "दादा, प्रोग्रॅममध्ये ही डिस्टॉर्शन गिटार काय कडक वाजते! कॉम्बीत घेतली की मेंडोलिनसारखी टुणटुण करते. मशीन गेलं का?"

मशीन ठणठणीत असतं. सिग्नलची वाट, म्हणजे राउटिंग, बदललेली असते, एवढंच. कॉम्बी म्हणजे अनेक प्रोग्रॅम एकत्र वाजवायची सोय.

माझ्या हाताखाली कॉर्ग कंपनीचं क्रोनॉस सिंथ असतं, म्हणून त्यावरूनच सांगतो. ते २०११ मध्ये आलं. कुणाकडे जुनं, १९९९ चं ट्रायटन असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल, फक्त टिंबर १६ ऐवजी ८ आणि इन्सर्ट इफेक्ट १२ ऐवजी ५ धरायचे, आणि टीएफएक्स त्यात नाहीत (हे शब्द पुढे येतीलच). रोलंड-यामाहावाल्यांना पानांची नावं वेगळी दिसतील.

प्रोग्रॅम म्हणजे एक टोन, आणि त्याचे इफेक्ट त्याच्यासोबतच सेव्ह असतात. कॉम्बीत असे १६ प्रोग्रॅम १६ टिंबरांवर, म्हणजे जागांवर, बसतात, पण इफेक्टचा संच सगळ्यांत मिळून एकच, आणि तो कॉम्बीचा स्वतःचा. त्यामुळे गिटारचा प्रोग्रॅम टिंबरवर लावला की ऑसिलेटर, फिल्टर, ॲम्प (मूळ आवाज घडवणारे भाग) येतात. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) आणि डिले (प्रतिध्वनी) मागे राहतात. मेनूत 'कॉपी फ्रॉम प्रोग्रॅम' आहे, त्यात इफेक्टही आणायचे का हे ठरवता येतं. तो पर्याय सोयीचा आहे, पण नवख्याने निदान सुरुवातीला त्याच्या नादी लागू नये असं माझं मत. इफेक्ट आपोआप आले की ते कुठून कुठे जोडलेत हे बघायचं राहून जातं.

आता वाट. टिंबरमधून आवाज निघाला की 'बस सिलेक्ट' विचारतं: कुठे जायचं? एल/आर (डावं-उजवं) निवडलं तर सरळ मुख्य आउटपुटकडे. आयएफएक्स १ ते १२ पैकी एक निवडला तर आधी त्या इन्सर्ट इफेक्टमध्ये, आणि तिथून साखळी करून पुढच्या इफेक्टमध्ये नेता येतं. साखळी लहान आकड्याकडून मोठ्याकडे जाते. म्हणून सुरुवातीलाच हिशोब करून जागा द्या: ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) आधी, डिले नंतर. उलट लावलंत तर डिलेच्या शेपट्याही डिस्टॉर्शनमधून जातात आणि नुसता चिखल होतो. (कधीकधी तो चिखलच हवा असतो, ते वेगळं.) दोन टिंबरांना एकच आयएफएक्स दिला तर दोघांचा आवाज आत मिसळतो. स्ट्रिंग्ज आणि पॅडला एकच कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट) चालून जातो. गिटार आणि पियानो एका डिस्टॉर्शनमध्ये कधीच घालू नका.

इन्सर्टच्या पुढे दोन मास्टर इफेक्ट असतात, एमएफएक्स. रिव्हर्ब (हॉलसारखी घुमण) सहसा इथे. याला आवाज पूर्ण जात नाही, 'सेंड' जितका उघडाल तितकाच जातो, आणि रिव्हर्ब होऊन 'रिटर्न'मधून मुख्य आवाजात परत मिसळतो. शेवटी टोटल इफेक्ट, टीएफएक्स, दोन. एल/आरमधून बाहेर पडणारं सगळं त्यांच्यातून जातं, म्हणून तिथे ईक्यू (बास-ट्रेबल जुळवणारा) किंवा लिमिटर (आवाज ठरल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा) ठेवतात.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी जागा पुढे आहे. सेंड दोन ठिकाणी असतो. टिंबरचा बस एल/आर किंवा ऑफ असेल तर टिंबरच्या पानावरचा सेंड चालतो. बस आयएफएक्सवर असेल तर टिंबरचा सेंड कामाचाच नाही; साखळीतल्या शेवटच्या आयएफएक्सच्या पुढे जो सेंड आहे तो चालतो. गिटारला रिव्हर्ब कमी करायचा म्हणून मुलं टिंबरचा सेंड शून्यावर आणतात, ढिम्म फरक पडत नाही, आणि मग मशीनला शिव्या देतात. कारण कळलं की अर्धं क्रोनॉस कळलं. साखळीत नवा इफेक्ट जोडल्यावर रिव्हर्ब अचानक गायब झाला, तरी उत्तर हेच: शेवट बदलला, नव्या शेवटचा सेंड बघा.

पॅनचंही तसंच. इन्सर्टमधून गेलेल्या आवाजाचा डावा-उजवा तोल इन्सर्टनंतरच्या पॅनवर पुन्हा ठरतो.

सराव असा करा. रिकामी कॉम्बी घ्या. पियानो, स्ट्रिंग्ज, गिटार, तीनच टिंबर. सगळ्यांचे बस एल/आर, सगळे सेंड शून्य. नुसता कोरडा आवाज ऐका. मग एकट्या पियानोचा सेंड उघडा. नंतर गिटार आयएफएक्स १ वर न्या, तिथून आयएफएक्स २ ला जोडा. प्रत्येक पायरीला एक इफेक्ट बंद-चालू करून काय गेलं, काय आलं ते ऐकायचं. हेडफोनवर केलंत तर उत्तम. आणि काहीही केलं तरी इफेक्ट ऐकूच येत नसेल तर ग्लोबल मोडमध्ये जाऊन बघा. तिथे आयएफएक्स, एमएफएक्स, टीएफएक्स एकगठ्ठा बंद करायचे खटके असतात आणि आधी वाजवणाऱ्याने ते बंद ठेवले असू शकतात.

आता स्टेजची गोष्ट. आपल्याकडे गावातल्या कार्यक्रमांत साउंडवाला बऱ्याचदा कीबोर्डला एकच वायर देतो. ती एल/मोनो या आउटपुटमध्येच लावायची, आणि घरी टोन बनवतानाही एकदा तशीच लावून ऐकायचं. स्टीरिओत रुंद वाटणारा कोरस मोनोत पातळ होऊ शकतो आणि डावी-उजवीकडे उसळणाऱ्या पिंगपाँग डिलेची तर सगळी गंमतच जाते.

ड्रमरला क्लिक (तालाची टकटक) द्यायचा असेल तर मेट्रोनोमचा बस वेगळ्या आउटपुटवर टाका, म्हणजे तो प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही. पण त्या आउटपुटला टीएफएक्स लागत नाही आणि पुढचा व्हॉल्यूमचा नॉबही लागत नाही. क्लिक किती मोठा हवा ते साउंड चेकलाच ड्रमरला विचारून ठरवा, गाणं सुरू झाल्यावर त्या नॉबने तो कमी होणार नाही.