साथीच्या काळात तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे उपचार कसे चालू ठेवावेत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दातांचे दवाखाने बंद झाले, घशाची दुर्बिणीची तपासणी बऱ्याच ठिकाणी थांबली आणि गालाच्या आत चरचरणारा व्रण असलेल्या अनेकांनी ‘साथ ओसरली की दाखवू’ असे ठरवले. हा हिशेब महागात पडणारा होता. कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र तपासून काढण्यात आला. दुसरीकडे, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. नंतर सहा रुग्णांना कोविडची लागण आढळली, ते बरे झाले आणि शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. म्हणून पुन्हा अशी साथ आली तर रुग्णालयाच्या कोणत्या फेऱ्या चुकवता येणार नाहीत, हे घरातल्यांनी आधी ठरवून घ्यावे.

तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, तोंडातला लाल किंवा पांढरा चट्टा, कारण नसताना हलू लागलेला दात, मानेतली गाठ, तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, गिळताना अडकणारा घास, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. मावा, खर्रा, गुटखा किंवा मिश्रीची सवय असणाऱ्यांनी तोंड पुरेसे उघडते का हे कळण्यासाठी स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, तेही पाहावे. पहिला सल्ला व्हिडिओवरून घेता येतो. दूरवैद्यकाची अधिकृत नियमावली भारतात २५ मार्च २०२० रोजीच लागू झाली. त्यासाठी खिडकीपाशी बसून चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला करावा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून दोन-तीन स्पष्ट छायाचित्रे काढून घ्यावीत. मात्र व्रणाचा किंवा गाठीचा छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान होत नाही आणि तुकडा फोनवरून काढता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी बोलावले तर जायलाच हवे. उपचार पूर्ण होऊन दोन वर्षे उलटली असतील आणि काहीही त्रास नसेल, तर नेहमीची तपासणी डॉक्टरांना विचारून पुढे ढकलता येईल. बहुतेक वेळा आजार पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, त्यामुळे त्या काळातल्या तपासण्या चुकवू नयेत.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की रुग्णालयाचे नियम जाचक वाटू शकतात, पण त्यांना कारण आहे. या शस्त्रक्रियेत शल्यविशारद रुग्णाच्या उघड्या तोंडासमोर तासन्‌तास उभा असतो आणि हाड कापताना किंवा श्वासनलिका उघडताना बारीक तुषार हवेत उडतात. त्यामुळे साथीच्या काळात आधी नाकातला स्वॅब घेतला जातो आणि सोबत एकाच माणसाला थांबू दिले जाते. हा माणूस शक्यतो लसीकरण झालेला असावा व शेवटपर्यंत तोच राहावा. माणसे आलटूनपालटून पाठवणे टाळावे. चाचणीत लागण आढळली तर कोविडनंतर साधारण सात आठवडे नियोजित शस्त्रक्रिया टाळण्याचा सर्वसाधारण सल्ला होता. तथापि गाठ वेगाने वाढत असेल तर इतके थांबणे परवडत नाही आणि तो तोल पथकालाच साधावा लागतो. ‘थांबायचे असेल तर तोपर्यंत काय उपचार देणार?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते आणि आठवड्यातून पाच दिवस, बहुधा तीसेक वेळा घ्यावे लागते. मधले दिवस बुडाले की वाचलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. म्हणून एसटी आणि लोकल यांच्या भरवशावर रोजची ये-जा ठरवू नये. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी राहण्याची सोय होते का, हे आधीच विचारून घ्यावे. अथवा जिल्ह्याजवळच्या केंद्रात पहिल्या दिवसापासून संपूर्ण उपचार घ्यावेत. मध्येच केंद्र बदलण्याइतका गोंधळ दुसरा नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे, शिधापत्रिका आणि आधार यांच्या प्रती फाइलमध्ये ठेवाव्यात.

किमो सुरू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो कोविडच आहे असे समजून घरी विलगीकरणात बसू नये. पांढऱ्या पेशी घटल्यामुळे झालेला जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेल्या रुग्णाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. मुखपट्टी नाकातोंडावर बांधली तरी त्याचा श्वास गळ्यातून चालतो, त्यामुळे गळ्यावरही सैलसर, दोन पदरी स्वच्छ सुती कापड किंवा डॉक्टरांनी दिलेले फिल्टर हवे. आतली नळी दिवसातून दोन-तीनदा काढून साफ करताना खोकला येतोच. म्हणून साफ करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे घालावेत, रुग्णाच्या बाजूला उभे राहावे आणि खिडकी उघडी ठेवावी. बाहेरची नळी घरी काढू नये. स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या रुग्णाचे तर नाक आणि फुप्फुस यांच्यात नातेच उरलेले नसते. असा रुग्ण कोविड कक्षात गेला आणि घाईत प्राणवायूचा मास्क तोंडावर लावला, तर त्याला काहीच मिळत नाही आणि त्याला बोलून सांगताही येत नाही. ‘मी फक्त गळ्यातून श्वास घेतो, ऑक्सिजन गळ्याला लावा, स्वॅब नाकातून व गळ्यातून दोन्हीकडून घ्या’ असा ठळक मजकूर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड दोरीने गळ्यात अडकवून ठेवावे.

नाकातून पोटात गेलेली नळी असेल तर पातळ आहार देताना रुग्णाला बसते ठेवावे, नंतर अर्धा-पाऊण तास आडवे होऊ देऊ नये आणि शेवटी थोडे कोमट पाणी सोडून नळी धुवावी. ती निसटली तर घरच्या घरी परत घालू नये.

टाळेबंदीत फिजिओथेरपी बंद पडली आणि अनेकांचे तोंड पुन्हा आखडले. जखम भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की आइस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धराव्यात आणि किती काड्या मावल्या तो आकडा रोज कॅलेंडरवर लिहावा. सलग आठवडाभर आकडा घटत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा.