मराठी डीटीपीचे छोटे सॉफ्टवेअर कसे विकावे

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून देणारा कन्व्हर्टर, तळटिपा आणि सूची लावून देणारे प्लग-इन (पाने लावण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे साधन) किंवा लग्नपत्रिकांची मांडणी झटपट करून देणारे एखादे साधन, यांना गिऱ्हाईक मुळातच थोडे असते आणि त्यातले बरेच जण एकमेकांना ओळखून असतात. त्यामुळे या व्यवहारात मोठ्या जाहिरातीपेक्षा संगणकावर पाने लावणाऱ्या एका ऑपरेटरने दुसऱ्याला फोनवर दिलेली शिफारस अधिक खप करून देते. पुढे कन्व्हर्टरचेच उदाहरण धरले आहे, कारण त्याची गरज अजून संपलेली नाही. पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली. पण त्यात श्री-लिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टांत लावलेली पुस्तके आजही प्रकाशकांच्या संगणकांत पडून आहेत, आणि नवी आवृत्ती किंवा ई-पुस्तक काढायची वेळ आली की तो मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

पहिले काम म्हणजे आपली वस्तू नेमके काय करते हे एका वाक्यात, तेही ऑपरेटरच्या भाषेत, लिहून काढणे. १९८५ मध्ये आल्डस कंपनीने पेजमेकर बाजारात आणला, तेव्हा तिचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांनी ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ (डीटीपी) हा शब्दप्रयोग रूढ केला. ॲपलचा मॅकिंटॉश, लेझररायटर प्रिंटर, पान कसे छापायचे ते त्याला सांगणारी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि पेजमेकर हे सगळे मिळून गिऱ्हाइकाला एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे टेबलावर बसून लावलेले आणि तिथेच छापून हातात आलेले पान. आपणही ‘प्रगत भाषिक रूपांतर प्रणाली’ असे काही लिहू नये. ‘श्री-लिपीतले पुस्तक पुन्हा टाइप न करता युनिकोडमध्ये’ एवढे पुरते. ऑपरेटर इंटरनेटवर शोधतानाही आपल्या फॉन्टचे नाव आणि आपली अडचणच टाइप करतो, त्यामुळे संकेतस्थळावर प्रत्येक फॉन्टसाठी आणि प्रत्येक अडचणीसाठी स्वतंत्र पान असावे.

पैसे छापखान्याचा किंवा प्रकाशनाचा मालक देतो, पण होकार ऑपरेटरचा लागतो. मालकासमोर चकचकीत सादरीकरण करून परतलेल्या विक्रेत्याला पुढच्या आठवड्यात ‘आमचा माणूस म्हणतो, नको’ असे उत्तर का मिळते, ते यातून कळेल. ऑपरेटरला आपली जागा जाण्याची धास्ती असते, म्हणून ‘माणूस वाचेल’ असे मालकाला कधीही सांगू नये. पुन्हा टाइप करण्याचे कंटाळवाणे काम वाचेल, असे दोघांनाही एकत्र बसवून सांगावे.

डेमो मात्र मन लावून करावा, आणि तो आपल्या फाईलवर कधीच करू नये. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. एका प्रकाशनसंस्थेत माझ्या घोटून ठेवलेल्या चार पानांवर सगळे सुरळीत झाले, मग तिथल्या ऑपरेटरने शांतपणे त्यांची तीनशे पानांची फाईल उघडली. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे मुळात रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असतात, आणि आमचा कन्व्हर्टर मजकुराचा तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे पाहत नव्हता. साहजिकच ग्रंथसूचीतली सगळी इंग्रजी नावे आणि ईमेलचे पत्ते देवनागरीच्या भेंडोळ्यात बदलून गेले. त्या दिवशी विक्री झाली नाही, पण पुढची दुरुस्ती काय करायची ते कळले.

म्हणून गिऱ्हाइकाकडे त्याची सर्वांत वाईट फाईल मागावी आणि त्याच्यासमोर एकच शब्द मोठा करून दाखवावा. ‘निर्मिती’ हा शब्द त्यासाठी उत्तम आहे. जुन्या फॉन्टमध्ये त्यातले ‘र्मि’ हे अक्षर आधी वेलांटी, मग म आणि शेवटी रफार अशा क्रमाने साठवलेले असते, कारण तिथे डोळ्यांना दिसणाऱ्या आकारांची रांग लावलेली असते. युनिकोडमध्ये मात्र र, हलन्त, म आणि मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम लागतो. स्वस्तातला कन्व्हर्टर नेमका इथे घसरतो. त्यापाठोपाठ ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र आणि मराठी वळणाचे ल व श दाखवले, की वीस वर्षे प्रुफे पाहिलेला माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो. याच तीन गोष्टींचा दीड मिनिटाचा, पार्श्वसंगीत नसलेला, मराठीतून बोललेला व्हिडिओ करून ठेवावा. तो व्हॉट्सॲपवर आपोआप फिरतो.

चाचणीची प्रत दिवस मोजून देऊ नये. पंधरा दिवसांची मुदत दिली की त्यातले बारा दिवस दुसऱ्याच तातडीच्या कामात जातात. त्याऐवजी पहिली वीस पाने, कोणताही शिक्का न उमटवता, पूर्ण बदलून द्यावीत.

किमतीबाबत माझे मत ठाम आहे. अडोबीने २०१३ पासून वर्गणीचा मार्ग धरला, आणि सेरिफ कंपनीने २०१९ मध्ये ॲफिनिटी पब्लिशर हे पाने लावण्याचे सॉफ्टवेअर आणताना ‘वर्गणी नाही’ हेच आपले ब्रीद केले. त्या वाक्याला जगभर दाद मिळाली ती लोक कंटाळले होते म्हणून. छोट्या साधनाची किंमत एकरकमी असावी आणि ती एका पुस्तकाच्या पुनर्टंकनाच्या खर्चापेक्षा कमी असावी, म्हणजे मालक हिशेब मनातच करतो. हार्डवेअर लॉक, म्हणजे संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारी छोटी किल्ली, मात्र टाळावा. चोरी थांबते म्हणून तो लावतात, पण तो खणात हरवतो आणि फोन आपल्याला येतो.

विक्रीचा हंगाम सांभाळणे अनेकांना सुचत नाही. श्रावण उलटला की दिवाळी अंकांची घाई सुरू होते, आणि तेव्हा डेमोसाठी दारात उभे राहणे म्हणजे कायमचे नाव खराब करून घेणे होय. दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस सर्वांत चांगले. त्यातच इनडिझाइनची नवी मोठी आवृत्ती साधारणपणे ऑक्टोबरात येते, आणि जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले प्लग-इन तिच्यात बहुधा चालत नाही. म्हणून ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी सर्व गिऱ्हाइकांना दोन ओळींचा संदेश पाठवावा: ‘अंक छपाईला जाईपर्यंत इनडिझाइन अपडेट करू नका. नव्या आवृत्तीसाठीचे प्लग-इन दिवाळीनंतर विनामूल्य पाठवू.’ यात विकण्याजोगे काहीच नसते, पण ऑपरेटर दुसऱ्या ऑपरेटरला पुढे पाठवतो तो नेमका हाच संदेश.