चुंबकीय क्षेत्र आणि कर्करोग: प्राण्यांवरील अभ्यास वाचायला शिकताना

पशुवैद्यकीय पदवीनंतर विकृतिशास्त्राकडे वळून विषविज्ञानाच्या प्रयोगशाळेत रुजू होणाऱ्यांना मी आधी अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा १९९९ सालचा, ६० हर्ट्झ (तेथील वीजपुरवठ्याची वारंवारिता) चुंबकीय क्षेत्राविषयीचा अहवाल वाचायला देते. त्यात रॅट (मोठे उंदीर) आणि माइस (छोटे उंदीर) यांना दोन वर्षे, दररोज साडेअठरा तास, २, २०० आणि १००० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) इतक्या क्षेत्रात ठेवले होते व प्रत्येक गटात १०० नर आणि १०० माद्या होत्या. माइसमध्ये आणि मादी रॅटमध्ये क्षेत्रामुळे कर्करोग होतो याचा पुरावा मिळाला नाही. नर रॅटमध्ये मात्र थायरॉइडच्या सी पेशींच्या (कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या) गाठी २ आणि २०० मायक्रोटेस्लाच्या गटांत वाढलेल्या दिसल्या, सर्वाधिक मात्रेत नाही, आणि म्हणून तेथे ‘संदिग्ध’ असा निष्कर्ष काढला गेला.

या एका शब्दापाशी थांबावे, असा माझा आग्रह असतो. म्हाताऱ्या नर रॅटच्या थायरॉइडमध्ये सी पेशींचे पुंजके आपोआपच तयार होतात, आणि अशा पुंजक्याला साधी पेशीवाढ म्हणायचे की ॲडेनोमा, म्हणजे सौम्य गाठ, हे बरेचसे त्याच्या आकारावर ठरते. सीमेवरची स्लाइड कोणत्या गटातली आहे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर त्याचा कल नकळत एका बाजूला झुकू शकतो. म्हणून गट झाकून स्लाइड पुन्हा वाचणे अपरिहार्य आहे.

पिंजऱ्यांकडेही तितक्याच बारकाईने पाहावे. क्षेत्र निर्माण करणारी तारेची कॉइल तापते, गुणगुणते, थरथरते, त्यामुळे कंट्रोल गटाच्या (तुलनेसाठी क्षेत्राविना ठेवलेल्या प्राण्यांच्या) पिंजऱ्यांभोवतीही तशीच कॉइल हवी. तारेचे दुहेरी वेढे घेऊन त्यांतून उलटसुलट दिशांनी प्रवाह सोडला, तर उष्णता राहते आणि क्षेत्र जवळजवळ नाहीसे होते.

जर्मनीतील हॅनोव्हरच्या संशोधकांना डीएमबीए हे कर्करोगकारक रसायन दिलेल्या रॅटमध्ये ५० हर्ट्झ, १०० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात स्तनगाठी वाढलेल्या आढळल्या, पण अमेरिकेत तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तशी वाढ दिसली नाही. पुढे हॅनोव्हरच्याच गटाने रॅटच्या एकाच वंशातील उपवंशांची संवेदनशीलता वेगवेगळी असते असे दाखवले. त्यामुळे कोणाचे तरी चुकले असे घाईने म्हणण्याआधी प्राण्यांचा वंश आणि पुरवठादार पाहावा.

२००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे क्षेत्र २-ब गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणून ठेवले, ते मुख्यतः बालकांमधील ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) अभ्यासांमुळे. प्राण्यांकडून मिळालेला पुरावा तिने अपुराच मानला. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाशी जुळणारा प्राणी त्या जुन्या प्रयोगांकडे नव्हता. या ल्युकेमियाशी निगडित ईटीव्ही६-आरयूएनएक्स१ हे जोड-जनुक घातलेले माइस त्यानंतर तयार झाले. प्रबंधाचा विषय शोधणाऱ्यांनी सुरुवात तेथून करावी.