‘माडी’ हा शब्द कधी आणि कसा वापरावा

कोकण किनाऱ्याविषयी लिहिताना माडी, ताडी, नीरा आणि फेणी ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि किनाऱ्यावरच्या वाचकाला ते लगेच खटकते. रस कोणत्या झाडाचा, काढून किती वेळ झाला आणि तो भट्टीवर चढला की नाही, एवढे पाहिले तरी योग्य शब्द सापडतो.

माडी माडाची, म्हणजे नारळाच्या झाडाची, ताडी ताडाची. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, घट्ट बांधून, हलक्या हाताने ठोकून, तिचे टोक धारदार कोयतीने रोज थोडे थोडे तासतात आणि तिथे मडके अडकवतात. थेंबाथेंबाने जमणारा रस मुळात गोड असतो, परंतु तो मडक्यातच आंबू लागतो. मडक्याला आतून चुना लावून आंबणे रोखले आणि पहाटेच रस उतरवला, तर ती नीरा. तिला मद्य म्हणणे चूक आहे. आंबलेल्या रसालाच माडी म्हणावे. दिवस चढतो तशी ती आंबट आणि कडक होत जाते, म्हणून वर्णनात ती सकाळची की संध्याकाळची हे अवश्य सांगावे.

क्रियापदाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जाणकार लेखकही येथे घसरतात. माडी ‘काढतात’ किंवा ‘उतरवतात’. ‘गाळतात’ ती भट्टीची दारू. ‘माडी गाळली’ असे लिहिले की झाडावरचा रस नकळत भट्टीवर जातो आणि अर्थ पालटतो. ‘माडीवर गेला’ म्हणजे वरच्या मजल्यावर गेला. पेय अभिप्रेत असेल तर ‘माडी प्यायला गेला’ असेच लिहावे.

कायद्याविषयी लिहिताना मात्र हा भेद बाजूला ठेवावा लागतो, कारण १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात नारळ, ताड, खजूर अशा झाडांच्या आंबलेल्या रसाला मिळून ‘ताडी’ हेच नाव आहे.

सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यात गेल्यावर माडीला ‘सूर’ आणि ती काढणाऱ्याला ‘रेंदेर’ म्हणतात; सान्नांचे, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडलीसारख्या पदार्थाचे, पीठ फुगवण्यासाठीही सूर वापरतात. सूर गाळली की माडाची फेणी होते. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजूची फेणी बोंडांच्या रसापासून होते, त्यामुळे तिच्या संदर्भात ‘माडी’ हा शब्द येऊच नये. बोंडांच्या त्या ताज्या रसाला गोव्यात ‘नीरो’ म्हणतात; त्याचे मराठीत ‘नीरा’ करू नये, ‘काजूच्या बोंडांचा रस’ असे लिहावे.