परतीच्या दिवसाची तयारी: बँकॉकपासून घरच्या ओट्यापर्यंत

दोन-अडीच महिने पाठीवर सॅक घेऊन लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया आणि थायलंड फिरून झाल्यावर परतीचा शेवटचा दिवस बहुधा बँकॉकमध्ये येतो, आणि पाहायची राहून गेलेली ठिकाणे उरकण्यात आपल्याकडची मुले तो दिवस घालवतात. माझ्या मते हा दिवस आवराआवरीसाठीच राखून ठेवावा आणि तो विमानतळावर नव्हे, तर वरुड-मोर्शीकडच्या आपल्या घराच्या ओट्यावर संपणार आहे, असे धरून त्याची आखणी करावी.

सर्वांत आधी तिकीट उघडून तारीख आणि वेळ सावकाश वाचावी. तिकिटावर 15 तारीख आणि 00.40 अशी वेळ असेल, तर विमानतळावर 14 तारखेच्या रात्रीच पोहोचायचे असते. या एका आकड्यामुळे मी विमान चुकवले आहे आणि नव्या तिकिटासाठी बाबांना संत्र्याच्या बयाण्यातले पैसे पाठवावे लागले होते, म्हणून ही गोष्ट यादीत पहिली ठेवतो. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ असून एक शहराच्या पूर्वेला, तर दुसरा उत्तरेला आहे; त्यामुळे तिकिटावरचे नावही तपासावे. सुवर्णभूमीला जायचे असल्यास फाया थाई स्थानकावरून निघणारी विमानतळाची रेल्वे साधारण अर्ध्या तासात पोहोचवते, परंतु ती रात्रभर चालत नाही. पासपोर्टवरच्या शिक्क्यातली मुदतही त्याच वेळी पाहून घ्यावी, कारण मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास थायलंडमध्ये दिवसाला 500 बाथ याप्रमाणे 20,000 बाथपर्यंत दंड होतो.

यानंतरचे काम बुटांचे आहे, आणि कास्तकाराच्या घरातल्या माणसाने ते सर्वांत मन लावून करावे असे मला वाटते. लाओसमधल्या लुआंग प्रबांगजवळच्या पायवाटांवरची तांबडी माती माझ्या बुटांच्या तळव्यातल्या खाचांमध्ये विटेसारखी घट्ट बसली होती. दातांच्या जुन्या ब्रशने ती उकरताना तिच्यातून दोन बारीक बिया निघाल्या आणि मोज्याच्या विणीत कुसळांची एक ओळच अडकलेली दिसली. हेच बूट घालून मी गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी सरळ संत्र्याच्या बगीच्यात गेलो असतो. आपल्या झाडांना पोखरणारा डिंक्या रोग ज्या बुरशीमुळे होतो, ती मातीतून आणि पाण्यातूनच पसरते. ज्या गाजरगवताने आपले धुरे आणि पडीक वावरे व्यापली, ते 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले होते आणि आयात केलेल्या गव्हाबरोबर ते देशात आल्याचे मानले जाते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि लवकरच आपल्या वावरांतही आली. म्हणून बूट साबणाच्या पाण्याने घासून, खाचा मोकळ्या करून, आत कागदाचे बोळे कोंबून सकाळीच वाळत घालावेत, कारण बँकॉकच्या दमट हवेत ते वाळायला संध्याकाळ होते. सॅकचे तळ, तंबूच्या खुंट्या आणि पँटचे खिसेही उलटे करून झटकावेत.

बियाण्यांचा मोह याहून मोठा असतो. तिकडची लांबट पिवळी आंब्याची जात किंवा एखादी झणझणीत मिरची पाहिली की आपल्या वावरात ती लावून पाहावी असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि मामांनी त्यासाठी फोनही केलेला असतो. तरीही बी, कोय, कलम किंवा रोप सॅकमध्ये टाकू नये. भारतात अशा वस्तू आणायला 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि निघालेल्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो शेवटच्या दिवशी मिळण्यासारखा नसतो. मामांना चित्रे दाखवावीत. बी आणू नये.

बुद्धमूर्तीचेही तसेच आहे. दीक्षाभूमीच्या या मुलखात बँकॉकहून मूर्ती आणण्याची विनंती अनेक घरांतून होते आणि ती मनापासून केलेली असते. परंतु थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यासाठी तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते. गळ्यात घालायच्या लहान ताईतांना तेवढी सूट असते. परवानगीला काही दिवस लागत असल्याने मूर्ती घ्यायचीच असेल, तर बँकॉकला आल्या आल्या दुकानदाराशी बोलून घ्यावे.

धुण्याचे कपडे आदल्या दिवशीच द्यावेत, म्हणजे ओले कपडे सॅकमध्ये कोंबावे लागत नाहीत. वसतिगृहाची खोली दुपारपर्यंत सोडावी लागते, म्हणून सॅक तिथे ठेवता येईल का हे सकाळीच विचारावे, आणि निघताना पलंगामागच्या प्लगमध्ये चार्जर राहिला नाही ना, हे हात घालून पाहावे. पॉवर बँक मोठ्या सॅकमध्ये चालत नाही, ती हातातल्या पिशवीतच हवी. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवरची असते, म्हणजे विमानातल्या 100 वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. मिरचीचा ठेचा, मलम, तेल असे 100 मिलिलिटरपेक्षा मोठे डबे मात्र मोठ्या सॅकमध्ये जावेत. तिचे लोंबते पट्टे आवळून बांधावेत.

फोटो आदल्या रात्रीच वसतिगृहाच्या वायफायवर चढवायला लावावेत, कारण गावच्या नेटवर्कवर हे काम आठवडाभर रेंगाळते. उरलेली नाणी तिथेच खर्च करावीत, ती कुणी बदलून देत नाही. लाओसचा किप तर लाओस सोडण्यापूर्वीच संपवलेला बरा. भारतातले सिम आणि हजारभर रुपये रोख वरच्या कप्प्यात ठेवावेत.

मुंबईला उतरल्यावर बहुतेक वेळा सॅक पट्ट्यावरून उचलून कस्टममधून न्यावी लागते आणि नागपूरच्या विमानासाठी पुन्हा जमा करावी लागते, म्हणून दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवावेत. नागपुरात गणेशपेठ बसस्थानकावरून वरुडकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता आहे, हे बँकॉकमधूनच कुणाकडून तरी विचारून घ्यावे. ती मिळण्यासारखी नसेल, तर नागपुरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा; दोन-अडीच महिन्यांच्या थकव्यानंतर रात्री फाट्यावर काळीपिवळीची वाट पाहत उभे राहू नये. घरी वेळ कळवताना थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे हे ध्यानात ठेवून भारतीय वेळच सांगावी, नाहीतर आई उगाच दाराशी बसून राहते.

परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना कुठल्या देशांत राहून आलो हे न विचारता सांगावे. त्यासाठी गावांची नावे आणि तारखा वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवाव्यात. बूट घरी पोहोचल्यावर आणखी एकदा उन्हात टाकावेत, आणि बगीच्यात जाताना गावातलीच जुनी चप्पल घालावी.