सावलीच्या परड्यात रानफुले : रोहिणी ते हस्त नक्षत्रांसाठी सल्ला

वळवाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीची धग उतरली आणि रोहिणी नक्षत्र लागले, की आपल्याकडे भाताच्या पेरणीची धांदल सुरू होते आणि घराभोवतीच्या परड्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड राहत नाही. तरीही मृगाच्या आधीच्या या दहा-पंधरा दिवसांत दोन सकाळी परड्यासाठी काढाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. खानापूर, जांबोटी, लोंढा, बेळगाव आणि निपाणी या भागांतील बहुतेक घरांमागे फणस, आंबा, जांभूळ किंवा काजूची जुनी झाडे असतात आणि त्यांच्याखालची जमीन वर्षानुवर्षे उघडी पडलेली असते. तिथे कोणी गुलाब लावतो, कोणी शेवंती किंवा झेंडू लावतो. ती रोपे उजेडाकडे लांबत जातात, फूल धरत नाहीत, आणि मग सावलीत काही येतच नाही असा समज घट्ट होतो. जांबोटी-कणकुंबीच्या रानात याहून दाट सावलीत रानहळद, पेवा, सापकांदा आणि दशमुळी दरवर्षी कोणी न लावता फुलतात, म्हणजे दोष सावलीचा नसून आपण निवडलेल्या झाडांचा आहे.

या रानफुलांपैकी बहुतेक कंदवर्गातील आहेत आणि त्यांचा वर्षाचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या पावसाला कंदाचा डोळा फुटतो, आषाढ-श्रावणात पाने पसरतात, फुले येतात, भाद्रपद-आश्विनात नवा कंद पोसला जातो आणि कार्तिकानंतर पाने पिवळी पडून जमिनीवर काहीही उरत नाही. त्यानंतर वैशाखापर्यंत कंद जमिनीत झोपलेला असतो. सावलीच्या परड्यातील अपयशांचे मूळ मला बहुतेक वेळा या झोपेच्या काळातच सापडले आहे. पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती. पाने वाळली म्हणून रोपे तहानलेली आहेत असे समजून मार्गशीर्षापासून एक दिवसाआड पाणी घातले, आणि वैशाखात माती उकरून पाहिली तेव्हा रानहळदीचा कंद बोटांनी दाबताच आतून पिठूळ, आंबूस वासाचा लगदा बाहेर आला. शेजारच्या कोरड्या कोपऱ्यात विसरून राहिलेला एक तुकडा मात्र कडक होता आणि त्यावर हरभऱ्याएवढा गुलाबी डोळा वर आलेला होता. पाने पिवळी पडू लागताच पाणी पूर्ण थांबवावे, ही या सल्ल्यातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे.

जागा निवडताना भर दुपारी झाडाखाली जाऊन जमीन पाहावी. पानांमधून उतरलेले कवडसे जमिनीवर हलताना दिसत असतील, तर ती जागा उत्तम समजावी. एकही कवडसा दिसत नसेल, तर पावसापूर्वी झाडाच्या खालच्या एक-दोन फांद्या छाटून उजेड आत घ्यावा. जुन्या आंब्याखाली अगदी खोडाजवळ काहीही लावू नये, कारण तिथे मुळांचे जाळे दाट असते आणि पावसाचे पाणीही कमी पोहोचते. फांद्यांच्या घेराच्या कडेला लावलेले कंद अधिक चांगले वाढतात. खड्डा खणताना बोटापेक्षा जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डा हातभर बाजूला घ्यावा, आणि वाफ्याची माती खोडाला लागून चढवू नये.

आपल्या पश्चिमेकडील तांबड्या मातीत हात-दीड हातावर जांभ्याचा कठीण थर लागतो, आणि आषाढातील संततधारेत पाणी त्यावर अडून राहते. म्हणून फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून पाहावा. काही तासांत पाणी जिरले तर जमीन जशी आहे तशी वापरता येते. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर वीतभर उंचीचे वाफे करून बाजूंना फुटके चिरे लावावेत. वाफ्यात कुजलेला पाला, जुने शेणखत आणि थोडी नदीची वाळू मिसळावी. रासायनिक खताची येथे गरज नसते. ज्यांच्या शेतात आल्याला कंदकूज झालेली आहे, त्यांनी तेथील माती किंवा तेथील वापरलेली अवजारे न धुता परड्यात आणू नयेत, कारण रानहळद आणि रानआले ही आल्याच्याच कुळातील असल्यामुळे तो रोग त्यांनाही गाठू शकतो. खबरदारी म्हणून शेणखतात ट्रायकोडर्मा (कंदकुजीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून ते ओलसर करून आठवडा-दोन आठवडे सावलीत झाकून ठेवावे आणि मगच वाफ्यात घालावे.

पालापाचोळा हा या बागेचा खरा आधार आहे. आपल्याकडे परडे रोज झाडून लख्ख ठेवण्याची रीत आहे, आणि पाला तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या वाफ्याच्या) भाजणीसाठी किंवा गोठ्यासाठी नेला जातो. ही गरज मी नाकारत नाही. तथापि रानफुलांच्या वाफ्यावर चार बोटे जाडीचा पाला वर्षभर राहू द्यावा, तो झाडू नये आणि जाळू तर मुळीच नये. रानात पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही, उन्हाळ्यात कंदावरची माती तापत नाही आणि दरवर्षी नवे अन्न तयार होते, ते याच थरामुळे. फणस आणि जांभळाचा पाला चांगला कुजतो. नीलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाला फार सावकाश कुजतो, म्हणून तो येथे वापरू नये.

सुरुवात रानहळदीपासून करावी. तिच्या तुऱ्याचे शेंड्याकडचे भाग गुलाबी-जांभळे असतात, फुले पिवळी असतात आणि पाने गेली तरी कंद वर्षानुवर्षे टिकतो. किमान एक-दोन ठसठशीत डोळे असलेला कंदाचा तुकडा, डोळा वर ठेवून, दोन-तीन इंच खोल आणि एक ते दीड फूट अंतरावर लावावा. कापलेल्या बाजूला राख लावून तुकडा दोन दिवस सावलीत सुकू द्यावा. विकत घेणार असाल तर कंद फुलासह पाहिल्याशिवाय घेऊ नये. एका रोपवाटिकेतून रानहळद म्हणून आणलेली माझी बारा रोपे परदेशी शोभेची जात निघाली आणि एक पूर्ण हंगाम वाया गेला.

पेवा उंच वाढतो, म्हणून तो वाफ्याच्या मागच्या बाजूला किंवा जरा जास्त उजेड मिळणाऱ्या कडेला लावावा आणि दोन रोपांत दोन-तीन फूट जागा सोडावी. त्याची पाने खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात आणि श्रावण-भाद्रपदात लाल कणसातून कागदासारखी पातळ पांढरी फुले एकेक उमलतात. कंद मिळाला नाही तरी अडत नाही. फुले संपल्यावर खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून, आपण उसाची कांडी आडवी लावतो त्याप्रमाणे ओल्या वाळूत आडवे ठेवल्यास पेरांतून फुटवे येतात. जागा मानवली तर पेवा पसरतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी त्याचे कंद काढून शेजाऱ्यांना द्यावेत.

सापकांद्याच्या खोडावर सापाच्या अंगासारखे ठिपके असतात आणि मृगात त्याचे पांढरे, फणा उभारल्यासारखे फूल वर येते. ते पाहण्यासाठी रोज सकाळी परड्यात जावेसे वाटते, हे मी अनुभवाने सांगतो. त्याचा कंद तीन-चार इंच खोल लावावा. कंद आणि फळे हाताळताना हातमोजे घालावेत, कारण त्यांतील सुईसारख्या स्फटिकांमुळे त्वचेला खाज आणि घशाला तीव्र दाह होतो. शेवळ ही रानभाजी शिजवून खाण्याची ज्या घरांत सवय आहे, तेथे या दोन वनस्पतींची गल्लत होऊ नये म्हणून त्या एका वाफ्यात लावू नयेत.

दशमुळी कंदवर्गातील नाही आणि हाच तिचा उपयोग आहे. इतर सर्व काही जमिनीखाली गेलेले असताना, पौष-माघात, ही दोन-तीन फुटांची झुडुपे निळ्या फुलांनी भरतात आणि ती फुले कोमेजताना तांबूस होतात. आषाढात अर्धवट पक्व फांद्यांची वीतभर लांबीची छाटकलमे सावलीत लावली तर ती सहज जगतात. तेरडा मात्र पूर्ण सावलीत लावू नये. सकाळचे ऊन मिळणाऱ्या कडेला पहिल्या पावसानंतर त्याचे बी मातीवर वरवर टाकून हाताने माती सारावी. गौरीसाठी लागणारा तेरडा घरच्याच कडेला वाढला, तर रानाच्या काठावरचा तेरडा मुळासकट उपटून आणावा लागत नाही.

कळलावीविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. हिला कानडीत गौरी हू म्हणतात, तमिळनाडूचे ते राज्यफूल आहे, आणि लाल-पिवळ्या ज्वालांसारखी तिची फुले गणपतीच्या दिवसांत आपल्या घाटात सर्वत्र दिसतात. पानांच्या टोकांनी आधार धरून ती चढते, म्हणून तिला काटक्यांची किंवा झुडपाची सोबत द्यावी. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा दोन फाट्यांचा असतो, अतिशय ठिसूळ असतो आणि फुटवा फक्त टोकाला येतो. ते टोक मोडले की तो तुकडा निरुपयोगी होतो. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि त्यातील कोल्चिसिन नावाचे विष जीवघेणे ठरते. ज्या घरात लहान मुले आहेत किंवा जेथे गुरे मोकळी फिरतात, त्या परड्यात कळलावी लावू नये. फुलाच्या मोहाने हा नियम मोडू नये, असे मी पुन्हा सांगतो.

रोपे आणायची कोठून, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रानातून खणून आणू नयेत. भीमगड परिसर 2011 पासून अभयारण्य आहे आणि तेथून परवानगीशिवाय वनस्पती नेण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बंदी आहे; राखीव जंगलांना कर्नाटक वन कायदा, 1963 लागू होतो. कायद्याच्या पलीकडेही एक कारण आहे. आपल्याला रोप दिसते ते फुलावर असताना, आणि त्याच वेळी जुन्या कंदातील अन्न संपलेले व नवा कंद अजून पोसलेला नसतो, त्यामुळे तसे उपटलेले रोप परड्यात बहुधा दगावते आणि रानातलेही जाते. स्वतःच्या किंवा परिचितांच्या मालकीच्या बांधावर, पडक्या घराच्या जागेत किंवा नव्याने नांगरल्या जाणाऱ्या जमिनीत ही रोपे असतात. श्रावणात त्यांवर खूण करावी, पाने वाळल्यावर मालकाला विचारून कंद काढावेत आणि दोन वाटे तेथेच ठेवून तिसरा आणावा.

अथणी, रायबाग आणि गोकाककडील काळ्या जमिनीत व कमी पावसात सापकांदा आणि पेवा यांचा आग्रह धरू नये. तेथे चिंचेच्या किंवा आंब्याच्या कडेला कोरांटी, शतावरी आणि काळी मुसळी अधिक विश्वासाने वाढतात. काळी माती ओली झाल्यावर फुगते व पाणी धरते, म्हणून वाफे उंचच असावेत.

आर्द्रा-पुनर्वसूत कोवळ्या फुटव्यांवर गोगलगायी तुटून पडतात. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओली पोती पसरावीत आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ मात्र वाफ्यात कधीही टाकू नये. साळिंदर आणि रानडुकरांचा वावर असेल तर कंद लावल्यावर त्यांवर तारेची जाळी अंथरून वर माती व पाला घालावा. घाणेरी आणि रानमोडीचे रोप दिसताच, ते हातभर होण्याआधी, ओल्या जमिनीतून मुळासकट काढावे.

हस्ताचा पाऊस सरत आला की पाने पिवळी पडू लागतात. ती हिरवी असेतोवर कापू नयेत, कारण पुढच्या वर्षाचा कंद त्यांच्यावरच पोसत असतो. पाने पूर्ण वाळण्यापूर्वी प्रत्येक कंदाशेजारी बांबूची एक खुंटी ठोकून तिच्यावर नाव लिहावे. माघ-फाल्गुनात जमीन रिकामी दिसते, कोणी तेथे मिरचीची रोपे लावण्यासाठी कुदळ घेऊन येतो, आणि त्या वेळी घरात सांगायला आपण नसलो तरी खुंटी तेथे असते.