सोसायटीच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंग मध्येच बंद पडतंय? माझा अनुभव

लक्षण असं: ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर लावला की थोड्या वेळाने अर्थ फॉल्टचा (अर्थिंगमधल्या दोषाचा) लाल दिवा आणि चार्जिंग बंद. तोच चार्जर भावाच्या घरी व्यवस्थित चालायचा.

सॉकेट बदललं, एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बदलला, चार्जर तपासून आणला. फरक शून्य. सकाळी निघताना अर्धीच बॅटरी बघून फार वैताग यायचा.

शेवटी वायरमनने चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर लावला. २० व्होल्टच्या वर! हे दोन-तीन व्होल्टच असायला हवं. सॉकेट पंपाच्या जुन्या लाइनवर होतं आणि अर्थिंगची पट्टी गंजली होती.

मग या क्रमाने काम केलं. सोसायटीकडून लेखी ना हरकत. मीटरचा मंजूर भार तपासला. नवा अर्थिंगचा खड्डा. आमच्याच मीटरपासून स्वतंत्र ६ चौ. मिमी तांब्याची केबल. मीटरजवळ २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. (स्वस्त म्हणून टाइप एसी घेऊ नका, चार्जरमधली स्पंदित डीसी गळती तो खात्रीने पकडत नाही.) सर्वांत शेवटी १६ अँपिअरचं दणकट सॉकेट.

चार्जिंग चालू ठेवून पुन्हा मोजलं, २ व्होल्टच्या आत. आता रात्रभर चार्जिंग अखंड चालतं.